अंगणवाडीच्या रजिस्टरातली सही

माझ्या थोरल्या भावाने माझ्या मुलीची दोन वर्षं चोरली. सख्ख्या भावाने.

मी जुने ट्रॅक्टर घेतो, विकतो. हमालीपासून वर आलो. धुळ्यापासून रावेरपर्यंत माझ्याशी भाव करताना माणूस दोनदा विचार करतो. पण घरातच फसलो. मुलगी चार पावलांत दमायची, सारखी छाती भरायची, अंग धरत नव्हती. गावात औषधं चालू होती. सहा वर्षांची झाल्यावर धुळ्याच्या डॉक्टरांनी इको केला. जन्मापासून हृदयाच्या पडद्याला छिद्र. जादा रक्त फुप्फुसात जाऊन तिथला दाब वाढलेला.

"ऑपरेशन होईल ना?"

"दोन वर्षांपूर्वी आणली असती तर लगेच हो म्हटलं असतं. आता आधी दाब मोजू. फार वाढला असेल तर छिद्र बंद करता येणार नाही."

"थोडा जास्त निघाला तर चालवून घ्या ना साहेब."

"भाऊ, इथे भाव होत नाही."

सरकारी योजनेच्या कागदांसाठी अंगणवाडीत गेलो. सेविकेने जुनं रजिस्टर काढलं. "तपासणीच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच हृदय दाखवून घ्यायला सांगितलं होतं की! तुम्ही बाहेरगावी, मुलीची आई शेतात. तुमच्या भावाने, नानांनी सही करून मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी नेली. नंतर विचारलं, तर म्हणाले, दाखवून आणलं."

तसाच घरी गेलो. भाऊ ओट्यावर सुपारी कातरत होता.

"नाना, चिठ्ठी कुठंय?"

त्याने नाही म्हटलं नाही. "हळू बोल. पोरनी जात शे. बठ्ठा गावमा बोभाटा व्हता ते मनी पोरले कोन करतं?"

तेव्हा त्याच्या मुलीचं लग्न चाळीसगावला जमत होतं. घराण्यात हृदयाचा आजार आहे हे गावभर झालं असतं तर त्याच्या पोरीला कोणी केलं नसतं, सोयरीक मोडली असती.

"लगीन झाल्यावर सांगणार व्हतो."

"लग्नाला दीड वर्ष झालं!"

तो सुपारी कातरत राहिला. त्या लग्नात मी फेटा बांधून नाचलो होतो. मुलगी दमली म्हणून तिला खांद्यावर घेतलं होतं. हा समोर उभा राहून बघत होता.

मुंबईत दाब मोजला. अगदी काठावर निघाला, म्हणून ऑपरेशन झालं. सहा तास मी जिन्यात वर-खाली करत होतो. बायको म्हणाली, बसा. बसलो, लगेच उठलो. छिद्र बुजवलं. पण दाब पुरता उतरला नाही. रोज गोळी आहे, पळायचं नाही. आणखी किती वर्षं, डॉक्टरही सांगत नाहीत. मला झोप लागत नाही.

परवा तिने विचारलं, "पप्पा, भोक बंद केलं ना? मग गोळी कशाला?"

नातेवाईक सांगतात, सोड आता, भाऊ आहे. मी सोडणार नाही. नाना, सही तुझी आहे. माझ्याशी बोलू नकोस, मला तुझी माफीही नको. तिच्यासमोर येऊन बैस आणि तिने जे विचारलं त्याचं उत्तर तिला दे.