बरणीतला चिल्ला

आमच्या घरात देव्हारा नव्हता, चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे होते. वडील ती वाटायचे, मी घड्या घालायचे. त्यामुळं जनावर विकत घेऊन काचेत ठेवणं मला आजही गुन्हाच वाटतो. माझी कोळीण मी विकत घेतलेली नाही. गंगापूरजवळ मावशीच्या घराचा पाया खणताना जेसीबीनं तिचं बीळ फोडलं आणि तळहाताएवढी केसाळ टॅरांटुला उघडी पडली. लोकांनी चपला काढल्या, मी डबा शोधला. तिच्या बिळावर आता मावशीचा हॉल आहे. परत सोडणार कुठं?

उस्मानपुऱ्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत लोणच्याच्या मोठ्या बरणीत तिला तिच्या बिळाजवळचीच माती भरून दिली. तिनं लगेच भुयार खणलं. तिला पाळणं म्हणजे भोकाकडं बघत बसणं. संध्याकाळी कधी दोन पाय दारात दिसायचे. रातकिडा सोडला की झडप, की पुन्हा गुडूप. मी तिला दिवसभरातले अन्याय सांगायचे. ती ऐकत नसेल, पण मधे बोलायची नाही. आमच्या बैठकांत असं कुणी नाही.

घरमालकिणीला मी खाला म्हणते. तिची मुलगी बाळंत होऊन दवाखान्यातून माहेरी यायची होती. आदल्या दिवशी खाला माझ्या दारात आली.

"बेटा, तू रह. लेकिन वो बला नक्को. घर में नन्ही जान आ री."

"खाला, आत्ता नको. हलवलं तर मरेल ती."

खाला नाक मुरडत बरणीवर वाकली. बिळाचं तोंड माती आणि रेशमानं लिंपलेलं होतं.

"दरवाजा काय कू बंद करी?"

"खाणं सोडलंय. आता बरेच दिवस बाहेर येणार नाही."

खालाचा आवाज एकदम उतरला. "हाय अल्ला, इसका बी चिल्ला चल रा?"

चिल्ला म्हणजे बाळंतिणीचे चाळीस दिवस. तेवढे दिवस तिनं उंबरा ओलांडायचा नाही.

"चिल्लेवाली कू घर से नै निकालते," खालानं निकाल दिला.

गप्प बसले असते तर कोळीण वाचली होती. पण गैरसमजावर आसरा मिळवायचा, तर ती पत्रकं कशाला वाचली?

"पिल्लं नाहीत खाला. ती कात टाकतेय. जुनं अंग सोडून नव्या अंगानं बाहेर येईल."

खाला पुन्हा बरणीवर वाकली.

"मतलब अपने में से अपनेकूच पैदा करती?"

"तसंच."

"दाई बी नै?"

"कुणीच नाही."

"फिर तो जचकी से बी भारी काम हे." बाळंतपणाहून भारी! तिनं खिडकीचा पडदा ओढला. "धूप नक्को लगने दे."

दुसऱ्या दिवशी बाळ आलं. मी जिन्यावरून धाडधाड उतरत होते, तर खाला खालून दबक्या आवाजात ओरडली, "धीरे चल गे! नीचे एक, ऊपर एक, दोनों आराम कर रे!"