नानांची सावड

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना वाचायचे, आणि हसायचे. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या मागे पावलं वाजतात… म्हटलं, लोकांना वेळ बरा मिळतो. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यासोबत अंगारे-धुपारेही घराबाहेर गेले. त्यात माझी मंचरला रक्त तपासायची लॅब. जे काचेखाली दिसत नाही ते मी मानत नाही, असं मी दहा जणांना ऐकवलेलं आहे. आज तुम्हाला लिहितेय, कारण दुसरं कुठे जायचं तेच कळत नाही.

मंचरहून पारगावकडे जाताना घोड नदीच्या अलीकडे आमचं थोडं रान आहे. आई गेल्यापासून घरात वडील, म्हणजे आमचे नाना, आणि मी, दोघंच. धाकटा भाऊ सिद्धार्थ इंग्लंडला नोकरीला. गेल्या सप्टेंबरात त्याने आम्हाला तिकडे बोलावलं, आणि एका रविवारी गाडीत घालून एक जुना सरदारी बंगला बघायला नेलं. तिकडे सुट्टीत लोक हेच करतात. तिकीट काढायचं, दुसऱ्याचं घर बघायचं, मग बाग बघायची, मग केक खायचा. खोल्यांमधून दोऱ्या लावलेल्या. खुर्च्यांवर कुणी बसू नये म्हणून देवदाराची सुकी बोंडं ठेवलेली.

"एवढाल्या खोल्या, आन् बुड टेकायला जागा न्हाई," नाना म्हणाले. "मी भायेर थांबतो."

आम्ही चहा घेऊन त्यांना शोधत गेलो, तर ते मागच्या भाजीच्या बागेत. चारी बाजूंनी उंच विटांची भिंत, आणि मधल्या एका वाफ्यात आमचे नाना गुडघ्यांवर बसून बटाटे वेचतायत! नवी पँट चिखलात. शेजारी मातीत रोवलेला दाताळ्यासारखा काटा. सिद्धार्थला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एकटाच काढीत व्हता बिचारा," नाना म्हणाले. "म्हातारा मानूस. नुसतं बघत कसं उभं ऱ्हायाचं? आत्ताच गेला बघ तिकडं."

तिकडे कुणीच नव्हतं. बागेतून जायला दार एकच, आणि त्यातून आम्ही आलो होतो. एवढ्यात तिथली बिल्लेवाली बाई आली. ती म्हणाली, रविवारी माळी नसतात, आणि या वाफ्यात यंदा काही लावलंच नव्हतं. बटाट्यांच्या ढिगाकडे ती बराच वेळ बघत राहिली. शेवटी "सॉरी" म्हणून तीच निघून गेली.

गाडीत नाना खुशीत होते. "त्याला सांगितलंय, आमच्याकडं बी ये म्हनून. हातानंच सांगितलं. कळलं त्याला."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे सावड असते. आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. पैशाचा संबंध नाही, पण केलेलं काम फेडायचं म्हणजे फेडायचंच.

आम्ही परत आलो. दिवाळीनंतर नाना बटाट्यासाठी सऱ्या पाडणार होते. सकाळी रानात गेलो तर सऱ्या पाडलेल्या. दोरी लावून पाडाव्यात तशा सरळ. आणि खोपीतली कुदळ, फावडं, खुरपी धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ओळीनं टेकवलेली! आमच्याकडे कुदळीचा चिखल पुढच्या कामाला आपोआप पडतो, एवढीच तिची स्वच्छता. बांधापलीकडचे बबनभाऊ बघून म्हणाले, "सुजाताताय, मानसं कुठली लावली? मलाबी द्या की राव."

नाना नुसते हसले. "आला व्हता वाटतं."

त्या दुपारी जेवून नाना आडवे झाले ते उठेचनात. मी हलवलं, हाका मारल्या. श्वास चालू, नाडी चालू, पण हात बर्फासारखे. आपली दुपार म्हणजे तिकडची सकाळ, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. संध्याकाळी ते आपोआप उठले आणि चहा मागितला. धोतर गुडघ्यांवर ओलं होतं. नखांत काळी माती… आमची माती तांबूस आहे.

मग हे चालूच राहिलं. आमच्या रानात रात्रीतून काहीतरी होऊन जायचं आणि दुसऱ्या दुपारी नाना तसे झोपायचे. जानेवारीत कांद्याची खुरपणी झालेली दिसली, त्यानंतर त्यांची बोटं पांढरीफटक पडून उलली. "तिकडं बर्फ पडलाय," म्हणाले. मी सिद्धार्थला फोन केला. पडला होता.

त्यांचं रक्त मी माझ्याच मशीनवर तपासलं, मग पुण्याला पाठवलं. सगळं नॉर्मल! डॉक्टर म्हणाले, वयोमान. वयोमानाने काय हाताला दुसऱ्या देशाची माती लागते? माणूस मात्र दर आठवड्याला हलका होत चाललेला. शेवटी बबनभाऊंच्या सांगण्यावरून मी घोडेगावच्या पुढे एका देवऋष्याकडे गेले. हो, मी गेले. त्याच्या दारात चप्पल काढताना मला माझीच लाज वाटली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "ताई, बाधा असती तर काढली असती. ह्यो तर सावडीचा गडी. त्याला काय म्हनून हाकलू?"

मी नानांना म्हटलं, तुम्हीच मोडा ही सावड. जाऊ नका. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही.

"सुजे, माझ्या बापाच्या रानात सावडीला कोन आलं न्हाई कधी. आमी समद्यांच्या रानात राबलो, पन आमच्या बांधावर पाय ठेवायला लोकान्ला जड जायाचं. ह्यो सातासमुद्राहून येतोय. आन् त्याला मी नगं म्हनू?"

मी बाहेर जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी रिकाम्या रानात उभी राहून मोडक्यातोडक्या इंग्रजीत मोठ्याने सांगितलं, प्लीज येऊ नका, माझे वडील थकलेत, त्यांनी केलेल्या कामाची फेड तुम्हाला माफ आहे. बांधावरून जाणाऱ्या बाया थांबून बघत होत्या. पुढच्या सकाळी पाहिलं तर बांधावरचं गवत कापून ठेवलेलं.

थंडीत बंद असलेला तो बंगला मार्चअखेर उघडला, तसं सिद्धार्थला तिथे पाठवलं. त्याने भाजीच्या बागेचा फोटो पाठवला. त्याच वाफ्याच्या जागी आता छोटे छोटे वाफे, मधून पाट, प्रत्येक वाफ्याला पाण्याचं दारं. नाना पाडतात अगदी तसे! जिथे एक दिवसाआड पाऊस पडतो तिथे दारं धरायला, पिकाला पाणी वळवायला पाट कोण काढतं? तिथल्या लोकांना वाटतं, कुणीतरी हौशी स्वयंसेवक येऊन करून गेला असेल.

आणि गेल्या आठवड्यात आमचा कांदा काढून झाला. सगळाच्या सगळा, एका रात्रीत. पात कापून ढीग लावलेले, वर पातीचं पांघरूण. बबनभाऊ आता काही विचारत नाहीत, लांबून जातात. नाना काठी टेकत आले आणि बांधावर बसले. त्यांचा चेहरा उतरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं.

"लई केलं गं त्यानं," ते म्हणाले. "एवढं मला कवा फिटायचं?"

तेव्हापासून ते जवळजवळ झोपलेलेच असतात. संध्याकाळी उठतात, पेज घेतात, दोन शब्द बोलतात. बोलणंही आता कमी झालंय. मला याचं काही स्पष्टीकरण देता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला देता आलं तरी मला ते नकोय, मला फक्त उपाय हवाय.

मी लॅब बंद ठेवलीय. दुपारी त्यांच्या बाजूला सतरंजी टाकते, त्यांचा थंड हात घट्ट धरते आणि डोळे मिटून त्या म्हाताऱ्याला विनवते, मलाही ने. दोघं मिळून लवकर फेडू. मग मला झोप लागते… नुसतीच झोप. जाग येते तेव्हा मी इथेच असते, आणि माझ्या हातातल्या त्यांच्या तळव्याला नवा फोड आलेला असतो.