लपवलेला कॉलम

विक्रम उमरेडकरांना चुका दिसायच्या. त्यात त्यांचा दोष तो काय? माणसानं तीस वर्षं त्याच कामावर पोट भरलं होतं. पार्सिपनीतल्या एका इन्शुरन्स कंपनीत ते क्यूए मॅनेजर होते. म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये खोट शोधायची, ती तारीखवार मांडायची, आणि ती कशामुळे आली ते शेवटच्या रकान्यात लिहायचं. असा माणूस संध्याकाळी घरी येऊन वेगळा कसा होईल? हॉटेलात गेले की मेनूकार्डाचं स्पेलिंग, मंडळाच्या गणपतीला गेले की आरतीच्या कागदावरचे ऱ्हस्वदीर्घ, कोणाच्या नव्या घरी गेले की बाथरूमची वाकडी टाइल. पद्मिनीकाकू गाडीतून उतरण्याआधीच बजावायच्या, "अहो, जेवायला बोलावलंय आपल्याला. इन्स्पेक्शनला नाही."

मूळचे नागपूरचे, सत्त्याण्णव साली नोकरीसाठी इकडे परदेशात आलेले. स्वभावानं वाईट? अजिबात नाही. कोणाचं सामान हलवायचं असो, कोणाला एअरपोर्टवर सोडायचं असो, विक्रमकाका पंधरा मिनिटं आधी हजर. फक्त जिभेला स्वस्थ बसवत नसे.

याचा सगळ्यात जास्त मार खाल्ला तो नकुलनं, त्यांच्या एकुलत्या एक मुलानं. सात वर्षांचा असताना शेजारच्या पोराच्या वाढदिवसाला हा बर्फाच्या रिंकवर गेला. स्केटिंग धड येत नव्हतं म्हणून बाकीच्यांनी याला गोलमध्ये उभं केलं, आणि पोरगं तिथून हललंच नाही. ओळखीपाळखीतली मुलं बुद्धिबळाला आणि गणिताच्या क्लासला जात होती, आणि उमरेडकरांचा मुलगा अंगावर गाद्या बांधून रबराची चकती अडवत होता. लोक विचारायचे, "हॉकी म्हणजे ती आपली मैदानातली का?" विक्रमकाका प्रत्येकाला शांतपणे समजावून सांगायचे. पहाटे पाचच्या प्रॅक्टिसला दहा वर्षं त्यांनी त्याला नेलं, आणलं. थर्मासमध्ये बोर्नव्हिटा, मागच्या सीटवर पॅडचा तो कुबट वास, आणि परतताना बाबांचं सुरू: तिसरा गोल का झाला, पाय कुठे होता, नजर कुठे होती.

पंधराव्या वर्षी नकुल एकदा इंग्रजीत म्हणाला, "बाबा, एक तर मी खेळतो किंवा तुम्ही बोला. दोन्ही नाही जमणार." आवाज चढवून नाही म्हणाला, म्हणूनच ते लागलं. विक्रमकाकांनी त्या दिवशी तोंडाला कुलूप घातलं. पुढची दहा वर्षं प्रत्येक मॅचनंतर "छान झाली मॅच" एवढंच म्हणायचं आणि त्यानं "थँक्स" म्हणायचं. बोलणं बंद झालं, पण बघणं कसं बंद होणार? त्यांनी एक्सेल शीट उघडली. नकुलला झालेला प्रत्येक गोल ही एक ओळ. तारीख, वेळ, शॉट कुठून आला, कोणत्या खेळाडूनं कोणाला मोकळं सोडलं, चकती नकुलच्या कोणत्या बाजूनं आत गेली. आणि शेवटचा कॉलम, मूळ कारण. ही शीट त्यांनी कोणालाच दाखवली नव्हती, पद्मिनीकाकूंनाही नाही.

कॉलेज संपल्यावर नकुल खरोखरच प्रोफेशनल झाला. फार मोठं काही नाही हो. रॅरिटन रेव्हन्स नावाची टीम, एनएचएल म्हणजे बर्फावरच्या हॉकीची सगळ्यात वरची लीग, तिच्या दोन पायऱ्या खालची. सात-सात तासांचे बसचे प्रवास, रूम पार्टनरबरोबर भाड्याचं घर. पण जर्सीच्या पाठीवर उमरेडकर लिहिलेलं होतं, आणि ते पहिल्यांदा बर्फावर आलं तेव्हा विक्रमकाका डोळे पुसायला पार्किंगमध्ये गेले होते. नकुलला हवं होतं एवढंच, की वरच्या टीमनं एकदा बोलवावं. एनएचएलनं नव्हे, फक्त एक पायरी वर. पंचविसावं वर्ष चालू होतं. यंदा बोलावणं आलं नाही तर किट कपाटात ठेवायचं, असं त्यानं आईला सांगितलं होतं.

आणि यंदाच नेमकं टीमचं पार वाटोळं झालं. ऑक्टोबरात पहिले दोन सामने जिंकले तेव्हा लोक प्लेऑफच्या, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेरीच्या, गोष्टी करत होते. नोव्हेंबरात कॅप्टनचा गुडघा गेला, दोन चांगले खेळाडू दुसऱ्या टीमला देऊन टाकले, आणि डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत ओळीनं चौदा सामने हरले. पाच हजारांच्या स्टेडियममध्ये हजार माणसं दिसेनात. टीमनं फुकट पिझ्झा वाटून पाहिला, लोक पिझ्झा खाऊन दुसऱ्या ब्रेकला घरी जायला लागले. समोरचे खेळाडू मोकळे सुटून येत आणि एकटा नकुल गोलमध्ये. चाळीस-चाळीस शॉट अडवायचा, पाच आत जायचे, आणि उरलेल्या लोकांच्या लक्षात ते पाचच राहायचे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये विक्रमकाकांचा फोन वाजला. नकुल. हा मुलगा आईला फोन करायचा, बापाला नाही. "बाबा," तो म्हणाला, आणि आधी हवापाण्याचं काहीतरी विचारलं. मग म्हणाला, डाव्या खुब्यात दुखतंय. खाली बसलो की वर येताना कळ निघते. टीमला सांगितलं तर बाहेर बसवतील, आणि या वर्षी बाहेर बसलो तर संपलं. "कोणाला सांगू नका. आईला पण नाही. मला फक्त कोणाला तरी सांगायचं होतं."

विक्रमकाकांनी डॉक्टरचं नाव काढलं. "सीझननंतर, बाबा. प्लीज." त्यांनी शब्द दिला. फोन ठेवल्यावर ते पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले. पोराच्या दुखण्याची काळजी होती, हे खरंच. पण खोटं कशाला सांगा, आत कुठेतरी बरंही वाटत होतं. दहा वर्षांनी पोरानं त्यांना काहीतरी सांगितलं होतं, आणि आईच्या आधी सांगितलं होतं.

मग ते रोज एक फोन करायला लागले. "कसंय?" "चार." "आज?" "सहा. बस जर्नी होती." दुखणं एक ते दहात सांगायचं, अशी दोघांची ठरलेली भाषा झाली. एवढ्या गप्पा बापलेकांनी जन्मात मारल्या नव्हत्या.

मार्च आला. एका शनिवारी रेव्हन्स घरच्या रिंकवर आठ-एकनं हरले. पाचव्या गोलनंतर लोकांनी नवीनच चाळा सुरू केला. नकुलनं साधी, हळू आलेली चकती अडवली तरी टाळ्या, शिट्ट्या, जल्लोष. म्हणजे टिंगल. विक्रमकाकांच्या मागच्या रांगेतला एक माणूस बायकोला म्हणाला, "या गोलकीपरला काही पडलेलीच नाही. पाय हलवायचा आळस आहे नुसता." विक्रमकाकांच्या अंगाचा तिळपापड झाला. आळस! ते वळले, तोंड उघडलं, आणि दिलेला शब्द आठवून परत बर्फाकडे बघत बसले. बाजूला पद्मिनीकाकू हातातली शाल घट्ट पिळत होत्या.

रविवारी सकाळी त्यांनी शीट उघडली. या सीझनचे एकशे अठ्ठावीस गोल. त्यांनी फिल्टर लावले, आलेख काढले. एकशे चार गोल सरळसरळ बचावफळीच्या चुकीचे निघाले. हे कोणीतरी बघायलाच हवं, त्यांना वाटलं. पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं ते आता ठरणार, आणि कोचच्या मनातही तोच आळस बसला असेल तर? आपण काही वशिला लावत नाही. आकडे दाखवतोय.

प्रश्न फक्त शेवटच्या कॉलमचा होता. त्यात नऊ जानेवारीनंतरच्या कितीतरी ओळींत त्यांनी इंग्रजीत स्वच्छ लिहून ठेवलं होतं: डावा खुबा, हालचाल उशिरा. त्यापुढे कंसात त्या दिवशीचा आकडा. चार. सहा. सात.

कोणीही दुसऱ्यानं तो कॉलम उडवला असता. पण विक्रमकाकांचा एक नियम होता, आणि ऑफिसात आलेल्या प्रत्येक नव्या पोराला त्यांनी तो घोकून घेतला होता: डेटा कधी डिलीट करायचा नाही. नको असेल तर हाइड करा. मूळ फाइलला हात लावला की त्यांना खाल्लेलं पचत नसे. त्यांनी कॉलम हाइड केला. पडद्यावरून तो गेला, शीट नीटनेटकी दिसायला लागली. सोमवारी सकाळी आठ वाजता, कॉफी घेता घेता, त्यांनी ती फाइल कोच डॉनेलींना पाठवून दिली.

दुपारी उत्तरही आलं. थँक यू, मिस्टर उमरेडकर, फारच उपयोगी माहिती आहे. त्यांनी ते पद्मिनीकाकूंना दाखवलं. "कोचला काय कळवलंत तुम्ही?" काकूंनी विचारलं. "सत्य," विक्रमकाका म्हणाले, आणि त्या संध्याकाळी स्वतःहून फ्रीजमधली श्रीखंडाची वाटी काढून बसले.

कोचच्या असिस्टंटनं सहज म्हणून कॉलम मोकळा केला होता. एवढंच घडलं. त्यात ना लबाडी, ना कोणाचा डाव. कॉलमच्या डोक्यावर ओळीनं असणाऱ्या इंग्रजी अक्षरांत मधलं एक अक्षर गायब आहे हे त्याच्या लक्षात आलं, जसं ते विक्रमकाकांच्या स्वतःच्या लक्षात आलं असतं, दुसऱ्या कोणाची फाइल असती तर.

मंगळवारी नकुलचा एमआरआय झाला. खुब्याच्या आतली कड फाटली होती. सीझन संपला, ऑपरेशन. बुधवारी त्याचा फोन लागला नाही. गुरुवारी दुपारी तो स्वतःच गाडी घेऊन घरी आला, बॅग दारात ठेवली, आणि किचनमधल्या स्टुलावर एका बाजूला कलून बसला. पद्मिनीकाकूंनी वरण-भात समोर ठेवला. त्यानं चमच्यानं तो नुसता इकडचा तिकडे केला.

"बाबा, तुमची शीट बघितली मी," तो म्हणाला. सगळं इंग्रजीत, हळू आवाजात. "एकही ओळ चुकलेली नाही. मस्त काम आहे."

"नकुल, मी तो कॉलम—"

"माहितीये. हाइड केला होता." त्यानं चमचा खाली ठेवला. "वरच्या टीमच्या गोलकीपरचं मनगट गेलंय. मागच्या शुक्रवारी त्यांनी मला सांगितलं होतं. आज मी तिथे असायला हवा होतो, आज रात्रीच्या मॅचला. तुम्हा दोघांची तिकिटं काढली होती मी. काल सांगणार होतो, सरप्राइज म्हणून. सहा दिवस होते बाबा मधे. सहा दिवस मी चाललो असतो त्या पायावर."

पद्मिनीकाकूंनी गॅस बंद केला. त्यांना खुब्याचंच पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं, जसं लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

"तिकडे कोण गेलं मग?" विक्रमकाकांनी विचारलं. काय विचारावं याचं भानच उरलं नव्हतं त्यांना.

"दुसरा कोणीतरी. बरा खेळतो." नकुल उठला, ताट सिंकमध्ये ठेवलं, आणि जिन्याची एकेक पायरी चढत वर गेला.

टीमनं त्याला पुढच्या वर्षाचा करार दिला नाही. दुखणं लपवलं हे एक कारण, आणि तसंही सतरा सामने जिंकलेल्या टीममधून कोणाला ठेवतात? एप्रिलमध्ये निम्मी टीमच बदलली. ओळखीचे लोक म्हणाले, चांगलंच झालं की, वेळेवर कळलं, नाहीतर पोरगा चाळिशीत लंगडत फिरला असता. डॉक्टरही थोडंफार तसंच म्हणाले. विक्रमकाका मान हलवायचे. तेही खरं होतं. पण शब्द देताना आपण "तुझ्या भल्याचं असेल तर मोडेन" असं म्हटलं नव्हतं, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. शिवाय भल्यासाठीही मोडला नव्हता त्यांनी तो. मागच्या रांगेतल्या एका अनोळखी माणसाला खोटं पाडायला मोडला होता.

शीट त्यांनी डिलीट केली. आयुष्यात पहिल्यांदा. तसं करण्याचा आता कोणाला उपयोग नव्हता. नकुल आपल्या भाड्याच्या घरी परतल्यावरही रोजचा फोन ते करत राहिले. "कसंय?" "फाइन, बाबा." उद्याही फाइन, परवाही फाइन.

एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन झालं. पद्मिनीकाकू खाली फार्मसीत औषधं आणायला गेल्या होत्या, आणि विक्रमकाका पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले होते. नकुलला नुकतीच जाग आली होती. ओठ सुकलेले, कपाळावर घाम. विक्रमकाकांनी ओल्या रुमालानं ते पुसलं आणि त्यानं पुसू दिलं. तेवढ्यात नर्स आली, हसतमुख, पन्नाशीची बाई. तिनं ब्लड प्रेशर घेतलं आणि विचारलं, "दुखणं किती आहे? एक ते दहामध्ये?"

नकुलनं छताकडे बघितलं. मग बापाकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर बरं झालं असतं.

"बाबा," तो मराठीत म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

विक्रमकाका उठले. रुमाल घडी करून टेबलावर ठेवला. बाहेर येऊन त्यांनी दार आपल्यामागे नीट लावून घेतलं, आणि आत काय आकडा सांगितला तो कानावर पडू नये म्हणून कॉरिडॉरच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले.