घंटेच्या मनोऱ्यात

त्या दिवशी माझा नवरा ऑफिसला गेला आणि ऑफिसातच गेला. बोलता बोलता खुर्चीत मागे कलंडला, असं त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलं. मी तेव्हा रडले की नाही, आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पुढे केव्हातरी जेवणाआधीची प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच आले नाहीत. ते यावेत म्हणून मी प्रयत्नही केला नाही. देवावर रागावले होते असं नाही. रागवायला समोर कोणीतरी असावं लागतं, आणि मला समोर कोणीच दिसत नव्हतं.

सासूबाई वसईहून आल्या त्या परत गेल्याच नाहीत. दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहू लागलो. त्यांना मी आत्या म्हणते. एकुलता एक मुलगा पुरून आलेली ही बाई रोज खिडकीशी बसून रोझरी म्हणायची आणि शेवटी देवाचे आभार मानायची. कसले आभार, हे मला कळत नसे. विचारायचं तर ओरडून विचारावं लागलं असतं, कारण आत्यांना जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. कानातल्या यंत्रातून शब्दांपेक्षा शिट्ट्याच जास्त यायच्या, म्हणून बाहेर पडताना त्या ते काढून पिशवीत टाकायच्या. तसंही आमच्यात बोलण्यासारखं एकच होतं, आणि त्याबद्दल आम्ही दोघीही बोलत नव्हतो.

मी वास्तुकला शिकवते. त्या काळात दिल्लीतल्या जुन्या कॅथलिक चर्चचा अभ्यास हाती घेतला होता. प्रार्थनेला जाणं थांबलं होतं, पण टेप घेऊन भिंती मोजायला जात होते. आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो. आमची देवळं पोर्तुगीज धाटणीची, पांढरीशुभ्र, नारळींच्या वर डोकं काढणारी. दिल्लीचं तसं नाही. मुघलांच्या काळात इथे पाद्री आले, आर्मेनियन व्यापारी आले, पगारी फिरंगी शिपाई आले. पण बांधणारे मिस्त्री मात्र इथलेच. मशिदी आणि मकबरे बांधून त्यांचे हात तयार झालेले. म्हणून एका जुन्या कबरस्तानातल्या प्रार्थनाघरावर चक्क मकबऱ्याचा घुमट आहे आणि घुमटावर क्रूस. सत्तावनच्या उठावात बरंच काही पडलं, जळलं. मग इटालियन फादर टोकदार कमानी आणि उंच मनोरे घेऊन आले, तरी भिंतीचा गिलावा निघाला की आत पुष्कळदा पडलेल्या इमारतींच्याच लखौरी विटा दिसतात, मुघल काळातल्या, बारीक आणि चपट्या. पुढे नवी दिल्ली वसली तेव्हा लाल विटांची भव्य चर्चं झाली. आत्या माझ्यासोबत यायच्या. घुमट पाहून म्हणाल्या होत्या, "हे देऊळ की कबर?" आणि तिथेच गुडघे टेकले होते.

जिथे ते घडलं ते चर्च कुठलं, हे मुद्दाम लिहीत नाही. आता त्याची नीट दुरुस्ती झाली आहे. जुन्या शहरात, धान्याच्या गोदामांच्या मागे ते उभं आहे. भर दुपारची वेळ होती. फादर एका अंत्यविधीला गेले होते, राखणदार किल्ली देऊन जेवायला गेला होता. आत्या पुढच्या बाकावर बसल्या आणि मी मनोऱ्याचा दगडी जिना चढले. घंटेखाली उभं राहायला फळ्यांची तक्तपोशी होती. तिच्यावर पाय ठेवला आणि ती माझ्याखालून निघून गेली.

फारसा आवाजही झाला नाही. कुजलेलं लाकूड शिळ्या भाकरीसारखं तुटतं. एक तुळई काखेत अडकली आणि मी तिला लोंबकळत राहिले. खांद्यातून कळ अशी गेली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. तुटलेल्या फळ्या खाली पडल्याचा आवाज बऱ्याच उशिरा आला. तेवढ्यावरून खाली किती खोल आहे ते कळलं. "कोई है? बचाओ!" मी ओरडत होते. आवाज मनोऱ्यातच फिरून माझ्याकडे परत येत होता. भिंती किती जाड आहेत हे मीच सकाळी मोजलं होतं. बाहेर ट्रक होते, हॉर्न होते. आत एकच माणूस होतं आणि त्याला ऐकू येत नव्हतं. सगळं शिक्षण त्या वेळी फक्त भीती वाढवायला उपयोगी पडलं.

आणि जिन्याच्या वळणावर आत्या दिसल्या. भिंतीला धरून, धापा टाकत उभ्या होत्या. माझ्याकडे पाहिलं, "आले गं" म्हणाल्या आणि मागे वळून उतरू लागल्या.

त्या परतल्या तेव्हा त्यांच्यापुढे गोदामातले दोन पल्लेदार होते, पोती वाहणारे. एकाने पोती बांधायचा दोर खिडकीच्या दगडी खांबाला गुंडाळून घट्ट धरला, दुसऱ्याने दुसरं टोक कमरेला बांधलं. तो जिन्यावरून पोकळीत ओणवला आणि त्याने मला कमरेला विळखा घातला.

"हाथ छोड़ दीजिए, बहनजी. मैंने पकड़ लिया है."

मला हात सोडता येईना. त्याने धरलंय हे कळत होतं, तुळई करकरते आहे हेही कळत होतं, पण बोटं माझी राहिलीच नव्हती. त्याने न चिडता पुन्हा तेच सांगितलं. मग मागून आत्यांचा आवाज आला, "पोरी, सोड. त्याने धरलंय तुला."

मी सोडलं. एक क्षण मी कशालाही धरलेलं नव्हतं. मग पाठीला जिन्याचा दगड लागला.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मी आत्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "तुम्हाला ऐकू कसं आलं?"

"तू हाक मारलीस ना. आई म्हणून."

"मी हिंदीत ओरडत होते, आत्या. कोई है, म्हणत होते."

त्यांनी मान हलवली. "आई म्हणालीस. स्वच्छ ऐकलं मी."

यंत्र पिशवीत होतं. ते मी स्वतः पाहिलं. त्यांना आई म्हणणारं जगात एकच माणूस होतं. पडताना बसला नव्हता एवढा धक्का मला तेव्हा बसला, आणि खरं सांगायचं तर तो अजून उतरलेला नाही. फळ्या आदळल्या तेव्हा फरशी हादरली असेल, तो हादरा बाकातून त्यांना जाणवला असेल. असेलही. मी कोणाशी वाद घालत नाही.

नंतर मला धरणाऱ्या त्या पल्लेदाराला भेटायला गेले. आत्यांना हिंदीचा एक शब्द येत नाही, मग त्यांनी सांगितलं तरी काय, हे मला जाणून घ्यायचं होतं. तो पाठीवरचं पोतं उतरवून म्हणाला, "माँजी ने कुछ कहा ही नहीं. आईं, मेरा हाथ पकड़ा और चल पड़ीं."

"और आप चले आए?"

"हाथ पकड़ लिया था, तो और क्या करता?" तो म्हणाला. एवढ्यात ट्रक लागला आणि तो कामाला गेला.

त्यानंतरच्या रविवारी मी मिस्साला गेले, आत्यांच्या शेजारी बसले. प्रार्थनेचे शब्द तेव्हाही सगळे आले नाहीत. सगळे उभे राहून हात जोडत होते. मला जोडता येत नव्हते. एक हात गळ्यात बांधलेला होता. दुसरा मांडीवर उघडा पडला होता, रिकामा. आजवर या हाताने सगळं घट्ट धरून ठेवलं होतं, नवऱ्याला, दुःखालासुद्धा. कोणीतरी आपल्याला आधीच धरलेलं असतं, हे मला कोणी पटवून दिलं असतं तर पटलं नसतं. मी आभार मानले. कोणाचे, हे नेमकं ठरवलं नाही. हात तसाच उघडा राहू दिला.