बिनसांगाड्याचं खोगीर

आमच्या मामेसासऱ्यांइतका घोड्याच्या बाजूनं विचार करणारा माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि माणसांना इतकं गोंधळात टाकणाराही. जन्म सांबऱ्याच्या शेतकरी घरातला, उमेदीची वर्षं गेली लष्करात घोडे शिकवण्यात. निवृत्त होऊन गावी आले, ते शेवंती नावाची एक तांबूस घोडी घेऊनच. कुणाच्या घरी गेले की मामा आधी गोठ्यात शिरतात, बैलाच्या मानेवरून हात फिरवतात आणि मग चहाला बसतात. माझ्या लग्नाच्या बोलणीला आले तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवरूनही तसाच हात फिरवला. "सरळ हाय," एवढंच म्हणाले. ते मत स्वभावाबद्दल होतं की मणक्याबद्दल, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

एकदा खोगीर चढवताना शेवंती कान मागे पाडू लागली. मामांचं निदान असं, की खोगिरातला लाकडी सांगाडा तिच्या खांद्यामागं रुततो. मग कॅम्पातल्या एका कारागिराशेजारी आठवडाभर ठाण मांडून त्यांनी लोकरीच्या नमद्याचं आणि चामड्याचं, आत सांगाडाच नसलेलं खोगीर शिवून घेतलं. इंग्रजीत त्याला 'ट्रीलेस' म्हणतात म्हणे. खोगिरात मुळात झाड कुठून आलं, हे मी विचारलं नाही. विचारलं की अर्धा तास जातो. जमिनीवर ठेवलं की ते भिजलेल्या गोधडीसारखं पसरायचं. घोडीवर घातलं की मात्र तिचे कान पुढं यायचे.

हेच खोगीर घेऊन मामा ड्रेसाजच्या स्पर्धेत उतरले. नावावरून काहीतरी पोशाखाचं असेल असं वाटून मी इस्त्रीचा सफारी घालून मैदानावर हजर. तिथं कळलं की घोड्यानं आखलेल्या चौकोनात ठरलेल्या चालीनं चालायचं, वळायचं, थांबायचं, आणि स्वाराचा हुकूम कुणाला दिसता कामा नये. मला बोलावलं होतं ते कडेला उभं राहून तो क्रम मोठ्यानं वाचायला. चौकोनाभोवती इंग्रजी अक्षरांचे फलक होते. पण ए नंतर के, मग ई, मग एच! हे कुणाच्या शाळेतलं, तेवढं कळेना.

तपासणीला आलेल्या पंचानं खोगीर दाबलं. बोट आत गेलं.

"एन री इदु?" त्यानं कन्नडमधून विचारलं. हे काय आहे हो?

"जीन हाय, साहेब."

"आणि आतला सांगाडा?"

"न्हाय."

"मग हे जीन कसं?"

"घोडीला इचारा की."

तीन पंच नियमांच्या पुस्तकावर वाकले. खोगीर हवं, असं त्यात होतं. त्याच्या पोटात काय हवं, याबद्दल चकार शब्द नव्हता. शेवटी मुख्य पंच म्हणाले, "आत्ता मैदानात उतरा. निर्णय मागाहून."

शेवंती अशी चालली की मी वाचायचं विसरून बघतच राहिलो. भानावर येऊन घाईनं वाचली ती खालची ओळ. मामांनी निमूट माझं ऐकलं आणि चुकीची घंटा वाजली. पुढं उजवीकडच्या जागी डावीकडं म्हणालो. पुन्हा घंटा.

पंच निर्णय द्यायला आले तोवर मामांनी खोगीर उतरवलं होतं. "बघा, घाम सगळीकडं सारखा. दाबतंय तिथं कोरडा डाग पडतोय. हाय का कुठं?" मुख्य पंचांनी घोडीच्या पाठीवर बोटं दाबत नेली. ती हललीसुद्धा नाही. खोगीर मान्य झालं. नंबर मात्र शेवटचा आला.

"मामा, माझ्यामुळं..." मी म्हणालो.

"पावणं, तुमी चुकलासा. ती न्हाय चुकली. मग तोंड कशाला पाडताय?"

गेल्या वर्षी मामा घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. घोड्यावर बसणं डॉक्टरांनी कायमचं बंद केलं. परवा सांबऱ्याला गेलो, तर म्हणाले, "बसा तिच्यावर." मी जन्मात घोड्यावर बसलेला नाही. तरी बसलो. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दोर धरून मामा शेताच्या बांधाकडेनं लंगडत पुढं चालले. चक्कर संपली तसा मी उतरू लागलो, तर दोर न सोडताच म्हणाले, "लई घाई हाय व्हय? आणि एक चक्कर मारू की."

ते मला म्हणाले, घोडीला की स्वतःलाच, मला कळलं नाही. मी बसून राहिलो.