रंगूनबेन आणि पुढची तारीख

सिल्वासात भांडल्याशिवाय काही मिळायचं नाही, आणि रंगूनबेन कधीच भांडायच्या नाहीत. आमलीतल्या आमच्या चाळीत नळावर कुणी हंडा पुढे सरकवला की त्या मुकाट मागे सरायच्या. मी शिरपूरकडची, तोंडाची फटकळ. मला त्यांचा रागच यायचा. एकदा म्हणाल्या, "सुमन, तुझा झगडा नळावर खतम होतो. माझा चौकीपर्यंत जाईल."

त्यांचा जन्म रंगूनचा. आजोबा इकडूनच तिकडे गेलेले, पण कुठल्या गावचे याचा पुरावा नव्हता. तिकडच्या सरकारने हाकललं, इकडच्याने आपलं म्हटलं नाही. दरवर्षी कचेरीत जाऊन राहण्याच्या परवान्यावर शिक्का घ्यायचा आणि त्यासाठी कामाचा दाखला दाखवायचा. काम गेलं की शिक्का गेला. म्हणून अंगात ताप असला तरी त्या फॅक्टरीत धागा गुंडाळलेले कोन तपासायला उभ्या असत.

आम्ही दोघी एकाच फॅक्टरीत. तिथली एक रीत होती. नोकरीवर घेतानाच कोऱ्या तारखेच्या राजीनाम्यावर सही करून घ्यायची, म्हणजे माणूस नको झाला की मामला साफ. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. रंगूनबेनची मात्र घेतलीच नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले होते, "ही देशाचीच नाही. हिला कसला हक्क? सही घेऊन करायचं काय?"

सरकारने कारखान्यांना दिलेली करसवलतीची वर्षं संपली आणि मालकाने एका सकाळी गेटला कुलूप ठोकलं. आमचे राजीनामे बाहेर निघाले. कागदोपत्री आम्ही सगळे खुशीने घरी गेलो होतो. काढून टाकलेल्या कामगार उरल्या एकट्या रंगूनबेन. वापीचे एक वकील म्हणाले, "कायद्यात कामगार लिहिलंय, नागरिक नाही. बेन, दावा लावा."

हे कळताच मॅनेजरसाहेबांनी निरोप धाडला, की गप्प बसा, नाहीतर तुम्हाला काम नाही म्हणून कचेरीत कळवतो. शिक्क्याचे दिवस जवळ आले होते. मी म्हटलं, "बेन, जाऊ द्या ना. कशाले आंगावर घेता?"

त्या म्हणाल्या, "गप बसली तरी शिक्का जाणार, बोलली तरी जाणार. मग बोलून जाऊ दे."

दावा लागला आणि साहेबांनी खरंच कळवलं. कचेरीत मी सोबत गेले. अधिकाऱ्याने विचारलं, "काम नाही, मग इथे राहायचं कशाला?"

बेन म्हणाल्या, "कोर्टात केस आहे, साहेब. तारखेला हजर व्हावं लागतं."

त्याने परवाना उलटसुलट करून पाहिला. मग 'कोर्टात केस चालू' असा शेरा लिहून वर्षाचा शिक्का मारला.

तिथून सगळंच उलटं झालं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, बेन ती इस्त्रीची साडी नेसून चढायच्या. टोकरखाड्यात चार घरची धुणीभांडी करून पोट भरायच्या, पण त्या कामाचा दाखला मिळत नसे. मालकाच्या वकिलाने मुदत मागितली की आमचे वकील चडफडायचे, आणि बेन चाळीत गूळ-शेंगदाणे वाटायच्या. जाताना मात्र दर वेळी मला विचारायच्या, "आज निकाल तर नाही ना गं?" तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नसे.

एका दुपारी निकाल लागला. कामगार म्हणून बेनचा हक्क मान्य झाला, भरपाई द्यायचा हुकूम झाला. वकिलांनी पेढा पुढे केला. बेनने तो घेतला, खाल्ला नाही.

"वकीलसाहेब, आता आपण अपील करू?"

"जिंकलेल्या माणसाला कसलं अपील, बेन?" ते हसले. मग त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते फायली आवरायला लागले.

परवान्याची मुदत संपायच्या आधीच रंगूनबेन चाळ सोडून गेल्या. कुठे, ते मला सांगितलं नाही. चौकीतून चौकशीला आले तेव्हा मी खरं तेच बोलले, की मला माहीत नाही. माझ्यावर खोटं बोलायची वेळ येऊ नये एवढी काळजी त्यांनी जाताना घेतली होती, आणि त्याबद्दल मी त्यांच्यावर अजून रागावलेली आहे.