सौम्य हवामानातला एसी

काचीगुड्याच्या मराठी शाळेत प्रभाकर मास्तरांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि त्या चौतीस वर्षांत एक वाक्य त्यांनी हजारो पोरांकडून लिहून घेतलं: हैदराबाद समुद्रसपाटीपासून अठराशे फूट उंचीवर असल्यामुळे येथील हवामान सौम्य आहे. हे वाक्य ज्याने चुकवलं त्याचा एक गुण गेला.

मास्तर ते वाक्य घरीही जगत. कूलरसुद्धा घेतला नाही. दीड फुटी दगडी भिंती, छताजवळ हवेसाठी दोन झरोके, म्हणजे रोशनदानं, उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा पडदा आणि त्यावर दर तासाला तांब्याभर पाणी, एवढी व्यवस्था. मे महिन्यात पाहुणा शर्टाने वारा घ्यायला लागला की मास्तर म्हणत, "कोरडं ऊन आहे हो आपलं. मुंबईसारखी चिकचिक नाही." पाहुणा पुढच्या वेळी डिसेंबरात येई.

या सुखाला यंदा फेब्रुवारीत तडा गेला. मास्तरांच्या लेकीला, केतकीला, दिवस होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. अमितशी लग्न होऊन पाच वर्षं झाली, पण पुण्याच्या नोकरीतून ती या घरात सलग चार दिवसही राहिली नव्हती. आता पुरता सव्वा महिना मिळणार म्हणून तिच्या आईने, कुसुमताईंनी, जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवायला घेतली होती. अशात पुण्याहून विहीणबाईंचा, सुशीलाबाईंचा, फोन आला. आवाज साखरेत घोळलेला.

"केतकीला एसीची सवय आहे हो. तुमच्याकडे मे महिन्यात... म्हणून म्हटलं, बाळंतपण इथेच करायचं का?"

मास्तरांनी घसा खाकरला. "नाही, तसं आमचं हवामान..."

कुसुमताईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. "एसी बसवतोच आहोत. यांनी कालच चौकशी केली."

फोन ठेवल्यावर मास्तर म्हणाले, "मी? काल?"

"मग आज करा," कुसुमताई म्हणाल्या, आणि पुन्हा दुपट्याला बसल्या. पण सुई जागच्या जागीच राहिली. ते पाहून मास्तरांनी चपला घातल्या.

आबिड्सच्या दुकानात एसी एक्केचाळीस हजारांचा होता, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: फिटिंग मोफत. आयुष्यभर नकाशे वाचलेल्या माणसाने खालची बारीक अक्षरं मात्र वाचली नाहीत.

ती वाचून दाखवायला एसी बसवणारे खाजाभाई आले. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर ड्रिल. त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केली, कान लावला आणि लांब सुस्कारा सोडला.

"सर, ये दीवार नहीं है. खिल्ला है."

"किल्ला? मग?"

"मशीन मंगाना पड़ता, हीरे की. उसका अलग." मग पट्टी काढून खोलीपासून मागच्या बोळापर्यंतचं अंतर मोजलं. "पायप तीन मीटर फ्री. आपको लगता बारा. बाकी का अलग. स्टँड अलग, स्टेबिलायझर अलग."

"अहो खाजाभाई, मग फ्री काय आहे?"

"मेरा आना फ्री है ना सर," खाजाभाई प्रेमाने म्हणाले. "चाय होना."

चहा पिताना त्यांची नजर वर गेली. "ये रोशनदान बंद करना पड़ता. नै तो आप पूरे काचीगुडा को ठंडा करते बैठेंगे."

मास्तरांना हे जास्त लागलं. पैसे पेन्शनीतून गेले असते, पण ही रोशनदानं ते वर्गात खडूने फळ्यावर काढून दाखवत. गरम हवा हलकी होऊन वर जाते, खालून थंड हवा येते, बाणांसकट. आता तीच बंद करायला सुतार आला, आणि वारा अडवण्याचे पैसे भूगोलाच्या मास्तरांनी स्वतःच्या हाताने मोजले.

भिंतीला पहिलं भोक पाडलं ते मधल्या लोखंडी तुळईवर आदळलं. दुसरं जमलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एसी भिंतीवर चढला, खाजाभाईंनी बटण दाबलं, आणि घरातले सगळे दिवे गेले. शेजाऱ्यांचेही.

"मीटर पुराना है सर. लोड बढ़ाना."

मग वीज कार्यालय. पहिल्या खेपेला कारकुनाने घराचा कागद मागितला. दुसऱ्या खेपेला मास्तरांच्या वडिलांचा मृत्यूचा दाखला, कारण मीटर अजून त्यांच्या नावावर होता. तिसऱ्या खेपेला साहेब नव्हते. चौथ्या खेपेला साहेब होते, त्यांनी कागद बघितले आणि तेलुगूत विचारलं, "मास्टारू, इतकी वर्षं एसीशिवाय कसे राहिलात?" मास्तरांच्या जिभेवर ते जुनं वाक्य आलं, पण बाहेर बेचाळीस अंश होते आणि शर्ट पाठीला चिकटला होता. "राहिलो," एवढंच ते म्हणाले.

तोवर केतकी येऊन दाखल झाली होती. भिंतीवरच्या मुक्या एसीखाली, पायांना सूज घेऊन ती ओल्या टॉवेलने गळा पुसत बसे. "बाबा, कधी सुरू होणार?"

"आज-उद्या."

असे आज-उद्या अठरा झाले. नवा मीटर बसला त्या दिवशी केतकी दवाखान्यात होती. मुलगी झाली. मास्तर पेढे घ्यायच्या आधी घरी गेले आणि एसी लावून बघितला. चालला! थंडगार वाऱ्यात उभे राहून त्यांनी पैशांची आठवण काढली. फिटिंग मोफत असलेला तो एसी एकोणसत्तर हजारांना पडला होता. असो, पोर आता नीट राहील.

चौथ्या दिवशी माय-लेकी घरी आल्या. मास्तरांनी सकाळपासून खोली गार करून ठेवली होती. दारात भाकरतुकडा ओवाळून कुसुमताई बाळाला घेऊन आत शिरल्या आणि किंचाळल्या.

"आधी बंद करा ते!"

"काय?"

"ओल्या बाळंतिणीला वारा लागला म्हणजे? जन्माची डोकेदुखी!" रिमोट पदराआड गेला. केतकीच्या कानांना सुती रुमाल, पायांत मोजे. पलंगाशेजारी शेगडी आली, शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा पडल्या, आणि दोन्ही रोशनदानं पक्की बंद असलेल्या त्या खोलीत धूर कोंडून राहिला.

मास्तर दारातच उभे. "अगं, मग हा एसी बसवला कशासाठी?"

"ती यावी म्हणून," कुसुमताई म्हणाल्या. त्यांना त्यात काहीच विचित्र वाटलं नाही.

दोन दिवसांत बाळाच्या मानेवर घामोळं उठलं. तिसऱ्या दिवशी दुपारी केतकीने बॅग काढली आणि मोज्यांसकट कपडे भरायला लागली. "आई, मी उद्या पुण्याला जाते. अमितला तिकिटं काढायला सांगते."

कुसुमताईंचा हात शेगडीवरच थांबला.

मास्तरांनी शेवटचा उपाय म्हणून पुण्याला फोन लावला. विहीणबाईंनीच एसी लावा म्हटलं तर कुसुमताई ऐकतील. सुशीलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बाळंतिणीच्या खोलीत एसी? छे हो, प्रभाकरराव! मुळीच लावू नका. घरात आहे म्हटलं की मुलीला बरं वाटतं, एवढंच."

मास्तर फोन ठेवून स्टुलावर बसले. ते इतके दमले होते की रागवायलाही उठवेना. मग उठले, तेच स्टूल खोलीत नेलं, त्यावर चढले आणि सुताराने ठोकलेल्या पट्ट्या पक्कडीने उपटायला लागले.

"अहो, पडाल!"

"धूर बाहेर गेला पाहिजे. कोळशाचा धूर बंद खोलीत घातक असतो." पहिलं रोशनदान करकरत उघडलं. "गरम हवा हलकी असते. वर जाते." दुसरं उघडलं. खाली उतरून त्यांनी कुसुमताईंपुढे हात पसरला. "आता रिमोट दे. अठ्ठावीसवर ठेवतो. वाऱ्याचं तोंड वर, छताकडे. तू बाळाच्या पाठीवर हात ठेवून बस. गार लागली, तर मी स्वतः हे भिंतीवरून काढून भंगारात देतो."

कुसुमताईंनी लेकीकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. रिमोट दिला.

चार वाजता मोफत सर्व्हिसला खाजाभाई आले. वर एसी चालू, खाली शेगडी पेटलेली, छताजवळ दोन्ही रोशनदानं सताड उघडी, आणि मधोमध कान बांधलेली केतकी बाळाला कुशीत घेऊन गाढ झोपलेली. खाजाभाई दारातच थबकले.

"सर, ये क्या चल रा?"

"सौम्य हवामान," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले.

"बिल आने दो. फिर पूछतूं."

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. आत कुसुमताई आवाज न करता बॅगेतला एकेक कपडा काढून पुन्हा कपाटात ठेवत होत्या.